उताणा सरदार

मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा आणि मापात नसेल तर त्यावर लाल खूण करून बाजूला ठेवायचा, एवढंच माझं काम. बरीच वर्षं हेच केल्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. मुंजा, चकवा, अंगात येणं वगैरे सगळं आमच्या घरात आत्याच्या खात्यात जमा. खरं सांगायचं तर इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना वाचतो आणि बहुतेकांना मनातल्या मनात लाल खूण करतो.

आता माझाच अनुभव लिहितोय. तुम्ही खुशाल लाल खूण करा, मला राग येणार नाही. उलट कोणी यातली चूक दाखवून दिली तर त्या माणसाचे पाय धरीन.

आधी आमचं खूळ सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी, विन्या आणि सम्या — शाळेपासूनचे मित्र, तिघेही चाळिशीला टेकलेले — आम्ही बोटभर उंचीचे सैनिक टेबलावर मांडून लढाया खेळतो. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, मावळे पुढे सरकवायचे आणि मग तास न् तास भांडायचं. सम्याचं पाथर्डी फाट्याला मेडिकल आहे, तो ओळखीच्या एकाकडून थ्रीडी प्रिंटरवर सैनिक छापून आणतो. विन्या शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून रंगवायचं काम त्याचं. मोजून तीन केस उरलेल्या ब्रशनं तो बोटभर माणसाच्या मिशीला पीळ देतो... आणि तो पीळ दिसतो! खेळायची जागा म्हणजे माझ्या गच्चीवरची पत्र्याची शेड. माझी बायको सुनीता म्हणते, "घोडे झालात आणि घोडेच नाचवताय."

प्रत्येकाचा एक सरदार असतो. विन्यानं स्वतःचा सरदार रंगवताना त्याला पिवळी पगडी दिली आणि चष्मा लावला, कारण हा स्वतः चष्म्याशिवाय आंधळा. इतिहासाचं वाटोळं केलंस म्हणून सम्यानं त्याला किती पिडलं असेल!

आणि एक नियम. पडलेला सैनिक आम्ही टेबलावरून उचलत नाही. उपडा ठेवला म्हणजे मेला. उताणा ठेवला म्हणजे जखमी — डाव संपायच्या आत कोणी त्याच्यापर्यंत पोचलं, तर त्याला उचलून आणता येतो. हा नियम विन्याचाच. स्वतः रंगवलेली माणसं मरू द्यायला त्याच्या जिवावर यायचं.

या दिवाळीत आम्ही पोरांसारखा किल्ला केला. म्हणजे विटा, गोणपाट, चिखल, वरून अळीव पेरलेले — अगदी अंगणातला किल्ला, पण टेबलाएवढा आणि स्केलमध्ये. सिन्नर ओलांडून पुढे गेल्यावर एक गड लागतो, त्याची हुबेहूब नक्कल. नाव लिहीत नाही, लगेच रील काढायला गर्दी होते. विन्यानं त्याच गडाच्या पायथ्याची माती गोणीत भरून बाइकवर आणली होती. "खऱ्या गडाची माती असली की किल्ला उभा राहतो," म्हणाला. ती माती वाहताना बाइकचा क्लच गेला, ते वेगळं.

किल्ला वाळला तेव्हा मला मागच्या अंगाला, बुरुजाच्या खाली, एक खड्डा दिसला. काडेपेटी आडवी मावेल एवढा. कडा अगदी चौकोनी, मुद्दाम कोरल्यासारखा. मला वाटलं विन्याचं काहीतरी बारीककाम असेल. पण तिथं ठेवलेला सैनिक सारखा कलंडायचा, म्हणून मी तो गुपचूप चिखलानं बुजवला आणि अंगठ्यानं सपाट केला. विन्याला सांगितलं असतं तर तासभर लेक्चर ऐकावं लागलं असतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी डाव मांडला. अर्धा झाला आणि विन्या अडून बसला. बुरूज चुकलाय म्हणे. खरा बुरूज एवढा बाहेर आलेला नाही.

"अरे तू खेळायला आलायस का इन्स्पेक्शनला?" सम्या वैतागला.

"शनिवारी जाऊन बघून येतो. दुपारी जेवायला घरी. तोपर्यंत डावाला कोणी हात लावायचा नाही."

डाव थांबवला की आम्ही मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी लबाडी करायला नको. फोटोत विन्याचा चष्मेवाला सरदार पुढच्या अंगाला, महादरवाजात ताठ उभा आहे. शेडला कुलूप लावलं. किल्ली एकच, आणि ती माझ्या गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात.

शनिवारी विन्या गेला. पायथ्याच्या गावातून त्यानं रोहिणीवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, "पोचलो" असा फोन केला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

संध्याकाळी आम्ही गावात पोचलो तेव्हा मारुतीच्या देवळाशेजारी त्याची बाइक उभी होती. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. ते बघितलं आणि काहीतरी चुकलंय हे कळलं, कारण विन्या हेल्मेट कधीच असं सोडून लांब जात नाही.

पुढचं सगळं मला सलग आठवत नाही. पोलीस आले. ट्रेकिंगवाल्या मुलांची एक टीम आली, दोर आणि दिवे घेऊन. गावातले लोक आले. पुंजाबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं विन्याला दरवाजाकडे चढताना पाहिलं होतं, म्हणून सगळे पुढची वाट, दरवाजा, आणि त्याच्या खालची खोल दरी पिंजून काढत होते. रविवार गेला. मी बुरुजावर उभा राहून "विन्याऽऽ" अशी हाक मारायचो आणि समोरच्या डोंगरावरून ती परत यायची, आणि दर वेळी क्षणभर वाटायचं, त्यानंच ओ दिली. शेवटी टीमच्या लीडरनं मला हाका मारू नका म्हणून सांगितलं. मुलांना आवाज ऐकायला शांतता हवी होती.

रोहिणीवहिनी देवळाच्या ओट्यावर हेल्मेट मांडीत घेऊन बसून होत्या. मुलीला आजोळी धाडलं होतं. पुंजाबानं आपल्या परीनं चौकशी केली, "बाई, घरी काय भांडान-बिंडान झालं व्हतं का? मान्सं अशी बी निघून जात्यात."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भांडण नाही झालं. एका बुरुजापायी गेलाय तो. तुमच्या त्या चिखलातल्या बुरुजापायी."

खरंच होतं ते.

सोमवारी दुपारी मला घरी पाठवलं. कोरडे कपडे, पॉवर बँक, आणखी दोर आणायला. अंघोळ करायची म्हणून बाथरूमकडे निघालो आणि का कोण जाणे, तसाच जिना चढून गच्चीवर गेलो. लख्ख ऊन होतं. शेडचं कुलूप जसंच्या तसं. उघडलं.

विन्याचा सरदार दरवाजात नव्हता.

आधी नजर नुसती फिरत राहिली. बाकीचे सगळे सैनिक आपापल्या जागी. सम्याचे घोडेस्वार, माझी तोफ, काहीच हललं नव्हतं. मग मी टेबलाच्या मागच्या बाजूला गेलो. बुरुजाच्या खाली मी बुजवलेला तो खड्डा पुन्हा उघडा पडला होता. तसाच, चौकोनी कडांचा. आणि त्यात पिवळी पगडी.

मी खाली ओरडलो, "सुनीता, शेडमध्ये कोण आलं होतं?"

"कोण येणार? किल्ली तुमच्याच खिशात असते ना!"

मला भीती नाही वाटली. संताप आला. माती वाळली की आकसते, खचते — हे मला कळत होतं. सरदार पुढून मागे कसा आला, हे डोक्यात शिरतच नव्हतं. फक्त एकच कळत होतं की विन्याचा सरदार आडवा पडलाय आणि मला तो आडवा बघवत नाहीये. दोन बोटांनी कमरेत धरला, उचलला आणि फोटोत होता तसा दरवाजात उभा केला. नीट उभा राहतोय ना म्हणून बूडसुद्धा तपासलं. सवय जात नाही.

मग कोपऱ्यातल्या बादलीतला चिखल मूठभर घेतला आणि खड्डा बुजवायला लागलो. पहिला गोळा आत टाकून बोटानं दाबला. दुसरा हातात होता, तेवढ्यात फोन वाजला. रोहिणीवहिनी.

"भाऊजी, कुठे आहात? लवकर या हो... इथे सगळे आता परत जायची भाषा करायला लागलेत."

मी चिखल बादलीत टाकला, हात पँटला पुसले, कुलूप लावलं आणि पळालो. अंघोळ राहिली ती राहिलीच.

त्या संध्याकाळी लीडरनं मला आणि सम्याला बाजूला घेतलं. चांगला मुलगा होता, आवाज हळू करून बोलला. म्हणाला, उद्या अजून एकदा दरी बघू, पण आता तुम्ही मनाची तयारी ठेवा. सम्या — जो मयतीतसुद्धा विनोद करतो — तो तिथंच खाली बसला आणि तोंडावर रुमाल धरून रडला. वहिनींना आम्ही जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं आणि माझ्या घरी आणलं.

मंगळवारी सकाळी परत निघायच्या तयारीत होतो. सम्या चहा पीत होता. वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "मला तो किल्ला बघायचाय."

मी नको म्हणालो. सुनीतानं डोळ्यांनी खुणावलं, जाऊ द्या म्हणून. वर जाताना वहिनींनी जिन्याखाली पडलेली गवंड्याची थापी उचलली, ते मी पाहिलं. अडवलं नाही. मोडू दे, म्हटलं. मलाही तेच हवं होतं बहुतेक.

कुलूप काढलं. वहिनी सरळ टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी थापी वर उचलली. "ह्या मातीनं माझा माणूस..." हात तसाच वर. मग थापी हळूहळू खाली आली.

"भाऊजी, हा इकडे कसा पडलाय?"

मी मागच्या बाजूला गेलो. दरवाजा रिकामा. सरदार पुन्हा त्याच खड्ड्यात. त्याच्याखाली मी काल दाबलेला चिखल, त्यावर माझ्या बोटाचा ठसा स्पष्ट. पाठ त्या ठशावर टेकलेली, चष्मा आकाशाकडे.

सम्यानं मोबाइलवरचा फोटो काढून बघितला. एकदा फोटो, एकदा टेबल. "मंग्या, तू हलवलास?"

"काल असाच पडला होता. मी उचलून दरवाजात ठेवला. आई शप्पथ, दरवाजात ठेवला होता."

वहिनी आमच्याकडे बघतच नव्हत्या. नवऱ्याच्या खुळाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, पण रोज रात्री जेवताना त्याची ती बडबड ऐकली त्यांनीच ना. त्या वाकल्या, अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यात उताणा म्हणजे काय?"

त्यांना माहीत होतं. पण त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

"जखमी," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि... डाव संपायच्या आत पोचलं तर उचलून आणता येतो."

"मग उभे काय राहिलात?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमच्या हातात तर काडीही नव्हती, चिखल होता. पण मी टेप काढली. किल्ला स्केलमध्ये होता; बुरुजाबद्दल विन्याला शंका होती, पण बाकी अंतर अन् अंतर त्यानं मोजूनच केलं होतं. बुरुजाच्या कडेपासून खड्ड्यापर्यंत माप घेतलं, गुणलं, हातावर लिहिलं. सरदाराला कोणीही हात लावला नाही. वहिनी म्हणाल्या, असू दे तिथेच, तो येईपर्यंत.

गडावर वेगळीच लढाई. लीडर म्हणाला, मागच्या अंगाला त्यानं जायचं कारणच नाही, वाटच नाही तिथं. पुंजाबाही मान हलवायला लागला, "तिकडं काय नाय सायेब. लय काटवण हे. ढोरं बी जात नाय तिकडं. माझा जलम गेला हितं."

"पाण्याचं टाकं आहे का तिथं? कातळात खोदलेलं?" मी विचारलं. गडावर चौकोनी कडांचा खड्डा म्हणजे टाकंच, हे येताना वाटेत सुचलं होतं.

"टाकं वर हे, देवीपाशी. मागल्या अंगाला कुठलं टाकं?"

मग सम्या पुढे झाला आणि शांतपणे धडधडीत खोटं बोलला. म्हणाला, "विन्या मला निघायच्या आधी बोलला होता, बुरूज मागून खालून बघणार म्हणून. मी विसरलो होतो सांगायला. माझी चूक." लीडरनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरं कोणी असतं तर मेलंच असतं. पण दोर काढले.

बुरुजाच्या कडेपासून मी माप सांगत गेलो आणि मुलं खाली उतरत, कोयत्यानं घाणेरी तोडत गेली. आम्ही वर. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली होती. बराच वेळ फक्त कोयत्याचे आवाज. मग तेही थांबले.

खालून लीडर ओरडला, "टाकं आहे!"

मग दुसऱ्या मुलाचा आवाज, दबलेला. तो आपल्या लीडरला सांगत होता, आम्हाला नाही... "सर, बॉडी आहे आत."

वहिनींचा हात सुटला. मी त्यांना धरलं की त्यांनी मला, माहीत नाही. तेवढ्यात तोच मुलगा किंचाळला, "हात हलला! सर, हात हलला!"

झुडपांनी पूर्ण झाकलेलं चौकोनी टाकं. तळाला ओंजळभर हिरवं पाणी, त्याच्यावरच विन्या तगला होता. पाय मोडलेला, चष्मा फुटलेला. उताणा पडला होता.

दवाखान्यात तो बोलण्यासारखा झाला तेव्हा कळलं की बुरुजाचा पाया बघायला तो खरंच मागून उतरला होता. म्हणजे सम्याचं खोटंही खरं निघालं. पाय घसरला आणि झुडपांतून थेट आत. खरं टाकं तिथं आहे हे त्याला पडेपर्यंत माहीत नव्हतं.

"मग किल्ल्यात कसं केलंस?" मी विचारलं.

"काय केलं?"

"खड्डा. बुरुजाखाली."

"मंग्या, ती बाजू मी सपाट थापली होती. तिथं काही नव्हतंच." सम्यानंही मुलीची शपथ घेऊन सांगितलं की त्यानं केला नाही. मी केला नाही, मी तर बुजवला. मातीचं आकसणं मी अजूनही मनात धरून आहे, पण आकसलेल्या मातीला चौकोनी कडा येत नाहीत. आणि कुलूपबंद शेडमध्ये पुढून मागे जाणारा सैनिक कुठल्या आकसण्यात बसतो?

इथंच थांबलो असतो. पण एक राहिलंय, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

विन्या घरी आल्यावर एकदा आम्ही दोघंच होतो. सरदाराचं, खड्ड्याचं काही त्याला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. वहिनींनीच बजावलं होतं, बरा होऊ दे आधी म्हणून. तो प्लास्टरवर ब्रशनं नक्षी काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुला म्हणून सांगतो, हसू नको. आत असताना एकदा कोणीतरी मला कमरेला धरून उचललं. भर दुपारी. मी एकदम वर, उन्हात. महादरवाजात उभा होतो, समोर सगळं गाव दिसत होतं, मारुतीचं देऊळ, ओट्यावर रोहिणी. ओरडणार होतो तिला... आणि पुन्हा खालीच. मला इतकं रडू आलं मंग्या. वाटलं, उचललंत तर परत का टाकलंत?"

मी माझ्या दोन बोटांकडे बघत राहिलो.

"मग वरून माती पडायला लागली," तो म्हणाला. "ओली. छातीवर दाबली कोणीतरी. श्वास घेता येईना. म्हटलं, संपलं, पुरतायत मला. आणि ते थांबलं. अचानक. कुठेतरी फोन वाजल्यासारखा वाटला. ग्लानीच असणार, तिथं कुठला फोन!"

डॉक्टरही ग्लानीच म्हणाले. असेल. मला तेच हवंय. मी रोज व्हर्नियर हातात घेतो तेव्हा तेच म्हणतो.

किल्ला अजून शेडमध्ये आहे, वहिनी मोडू देत नाहीत. डाव तसाच अर्धा आहे. आणि मध्येच कधीतरी, चहा देताना, त्या सहज विचारतात, "भाऊजी, त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तुम्ही काय करत होतात हो?"

मी सांगतो, अंघोळीला निघालो होतो.